तिरकी वाट

बिरनाळ्यांच्या घरी गॅसवरचं दूध उतू जायला लागलं, की माजघरातला संगणक ओरडायचा. तोही त्रिशलाक्कांच्या आवाजात, त्यामुळे सून राजमती हातातलं काम टाकून धावायची. धावता धावता पुटपुटायची, "आमच्या आत्ती पडून आहेत, पण घर अजून त्यांच्याच ताब्यात आहे." सासूला ती आत्ती म्हणे. सूर तक्रारीचा असला तरी त्या ओरडण्यानं घरात पुन्हा जीव आला होता, हे तिलाही कळत होतं.

वर्षापूर्वी मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि अक्कांचं शरीर एका दुपारीत बंद पडलं. हातपाय गेले, मान गेली, वाचा गेली, डोळ्यांनी खूण करणंही गेलं. भरवलेलं मऊ अन्न गिळता येई, एवढंच काय ते उरलं. नाक, कान, नजर आणि डोकं मात्र शाबूत होतं, आणि राजमतीच्या मते स्वभावही. पण आत शाबूत असलेलं बाहेर कसं यायचं, हा प्रश्न होता. तो सुटला कपाळावरच्या एका पट्टीनं.

हेतुपट्टी तिचं नाव. माणसानं काही करायचं मनात आणलं, की स्नायू हलण्याआधी मेंदूत त्या हेतूची एक लहर उठते. शरीर ऐको न ऐको, लहर उठतेच. पट्टी ती टिपते आणि संगणकाच्या पडद्यावरचा बाण तिच्या जोरावर सरकतो. बाण एखाद्या शब्दावर क्षणभर विसावला, की तोच शब्द हवा आहे असं समजून यंत्र तो मोठ्यानं बोलतं. अक्कांनी वर्षानुवर्षं नातेवाइकांना फोनवर धाडलेले लांबलचक निरोप जमवून कंपनीनं त्यांचा आवाजही पुन्हा बांधला होता. पहिल्यांदा तो खोलीत घुमला तेव्हा मुलगा कुबेर उठून परसात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

पट्टी बंगळुरूहून आली, आवाज पुण्यात बांधला गेला. पण पडद्यावरचे शब्द, म्हणजे मेनू, सांगलीच्या शर्वरी तांबटनं केले होते. मेनू म्हणजे शब्दांची उतरंड. वरच्या मडक्यात हात घातला की आतली मडकी दिसायची. ‘हो’, ‘पाणी’, ‘जेवण’, ‘नको’, ‘दुखतंय’, ‘माणसं’, ‘घर’ आणि तळाला ‘मागे घ्या’, अशा आठ ओळी. ‘जेवण’वर बाण आला की उजवीकडे दुसरा रकाना उघडायचा आणि त्यात पेज, मऊ भात, वरण, दूध, फळ असे शब्द दिसायचे. ‘जेवण’ उघडं असताना बाण खालच्या ‘नको’वर नेला, की यंत्र दोन्ही जोडून "जेवण नको" असं म्हणायचं. ही जोडणी शर्वरीला स्वतःलाच फार आवडली होती. दोन हालचालींत एक अख्खं वाक्य, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

बाजारात तयार मेनू होते, पण ते माउस धरणाऱ्या हातासाठी बनलेले. म्हणून तिनं पहिल्या ओळीपासून आपला स्वतःचा लिहायला घेतला. तिचे वरिष्ठ देवधर सर एकदा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

"जुन्या मेनूंत एक अदृश्य त्रिकोण असायचा. तो ठेवलास ना?"

शर्वरीला त्रिकोण माहीत होता. उघडलेल्या रकान्यातला खालचा शब्द गाठायचा तर हात सरळ उजवीकडे जाऊन मग खाली उतरत नाही, तो तिरका जातो. त्या तिरक्या वाटेत डावीकडची खालची ओळ आडवी येते. आपल्या मळ्यात जायला शेजाऱ्याचं अंगण ओलांडावं तसं. शेजारी समजूतदार असला तर "जा बाबा" म्हणतो. पूर्वीच्या कुणा शहाण्यानं मेनूला ही समजूत दिली होती. बाण तिरका चालला असेल, तर वाटेतल्या शब्दानं आपल्यालाच बोलावलं असं समजायचं नाही.

"सर, ती हाताची खोड आहे," शर्वरी म्हणाली. "कोपर असतं म्हणून हात तिरका जातो. मनाला कुठे कोपर असतं? मन सरळ शब्दावर जातं."

देवधर हसले. उत्तर झकास होतं, आणि झकास उत्तराला पुन्हा तपासायची पद्धत त्या कचेरीत नव्हती. मग कंपनीतल्या पाचसहा जणांनी पट्टी कपाळाला बांधून मेनू चालवून पाहिला. धडधाकट डोकी, जेवलेली, झोपलेली. बाण सपासप पळाला आणि कुठे काही अडलं नाही.

बिरनाळ्यांच्या गावी, मालेवाडीला, यंत्र बसवायला शर्वरी स्वतः गेली होती. सगळं झाल्यावर राजमतीनं तिला दाराआड बोलावलं.

"ताई, आत्तींना कधी माझ्या हातचं नको असतं, कधी मीनाबाईंच्या हातचं नको असतं. कामाला येतात ना, त्या मीनाबाई. मनात काय आहे ते कळत नाही आणि मग मलाच वाईट वाटतं. कोणाच्या हातून भरवू, तेवढं विचारायची सोय होईल काय?"

शर्वरीनं तिथंच बसून ‘जेवण’च्या रकान्यात ‘कोणाच्या हातून’ ही ओळ घातली. शेवटी आलेल्याला पंगतीत शेवटची जागा, तशी ती तळाला गेली. त्यात राजमती, मीनाबाई अशी नावं टाकताना दारात उभ्या कुबेरकडे तिचं लक्ष गेलं आणि सौजन्य म्हणून तिनं त्याचंही नाव टाकलं. सगळे हसले. कुबेर फवारणीची ड्रोन भाड्यानं द्यायचा. अर्ध्या तालुक्याची द्राक्षं आणि ऊस त्याच्या पंखांखाली. दिवस उजाडायच्या आत बाहेर पडायचा आणि यायचा तो हातपाय धुऊन झोपायला.

"हे कशाला भरवतायत," राजमती म्हणाली. "स्वतः जेवतायत तेच नशीब."

अक्का पलंगावरून बघत होत्या. त्यांना हसता येत नव्हतं, त्यामुळे त्या हसल्या की नाही हे कुणालाच कळलं नाही.

त्यानंतर कित्येक महिने मालेवाडीहून तक्रार आली नाही. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, हा शर्वरीच्या धंद्यातला जुना समज. मेनू आणखी बऱ्याच घरांत आणि शुश्रूषा केंद्रांत बसला. मग एका सकाळी राजमतीचा फोन आला. आवाज जड होता, पण त्यात दुःखाबरोबर दुसरंही काही होतं.

"ताई, आत्तींनी सल्लेखना घेतलीय. तुमच्या यंत्रामुळे त्यांना तोंडानं मागता तरी आली. दर्शनाला या. हे म्हणाले, त्यांना बोलावलंच पाहिजे."

शर्वरीनं शब्द ऐकला होता, अर्थ नीट ठाऊक नव्हता. मालेवाडीला पोचल्यावर तो तिला उपाध्ये आण्णांनी सांगितला. आण्णा तिथल्या बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, वयोवृद्ध पंडित. अंगणात चपलांचा ढीग होता, ओसरीवर बायका हलक्या आवाजात स्तोत्र म्हणत होत्या आणि आण्णा खांबाला टेकून बसले होते.

"शरीर साथ देईनासं झालं, की पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दाबाशिवाय, अन्न हळूहळू सोडायचं," ते म्हणाले. "कंटाळून सोडलं तर ते व्रत नव्हे. रागानं, दुःखानं सोडलं तरी नव्हे. म्हणून मागणाऱ्यानं स्वतः मागावं लागतं. अक्का सारखं जेवण नको म्हणायला लागल्या, तेव्हा हे लोक माझ्याकडं आले. मी आमच्या मुनिमहाराजांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, तिच्या तोंडात शब्द घालू नका. सोडायचं का असं विचारूच नका. नुसतं विचारा, काय पाहिजे. आणि एकदा नको, तीनदा विचारा."

"मग?"

"तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. जेवण नको." आण्णांनी डोळे मिटले. "असं धैर्य आमच्या गावात फार वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. डॉक्टर नळी घालायची म्हणत होते, कुबेरनं हात जोडले त्यांना."

शर्वरीचा ऊर भरून आला, हे खरं आहे. आपण लिहिलेल्या दोन हालचालींतून एका म्हातारीला आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट बोलता आली, असं तिला वाटलं. ती आत गेली.

अक्का वाळून गेल्या होत्या. उशाशी कुबेर बसला होता, दाढी वाढलेला, मांडीवर पाण्याची वाटी. कापसाचा बोळा भिजवून तो आईच्या ओठांना लावत होता आणि लहानपणी विहिरीत पडला होता त्याची गोष्ट तिला सांगत होता. राजमती कुजबुजली, "व्रत सुरू झाल्यापासून उठलेच नाहीत. सगळी ड्रोन शेडमध्ये पडून आहेत. आईजवळ इतकं बसलेले मी लग्न झाल्यापासून बघितले नव्हते." तिचे डोळे भरले होते.

दर्शनाला आलेली एक म्हातारी पाहुणी पलंगाजवळ वाकली आणि म्हणाली, "अक्का, काय पाहिजे गं तुला?" आता गावात असं विचारायची रीतच पडून गेली होती. ते उत्तर कानांनी ऐकणं हेच दर्शन.

सगळे अक्कांच्या चेहऱ्याकडे बघत होते. शर्वरीची नजर मात्र सवयीनं पडद्याकडे गेली. सुतार लग्नाला गेला तरी मांडवाचे खांब बघतो, त्यातलाच प्रकार.

बाण हलला. फार हळू हलला. ‘जेवण’वर आला आणि थांबला. उजवीकडचा रकाना उघडला. मग बाण पुन्हा निघाला, उजवीकडे आणि खाली, रकान्याच्या तळाच्या ओळीच्या रोखानं. तिरका. त्या वाटेत ‘नको’ची ओळ होती. बाण तिच्यावरून सरपटत निघाला होता, पण ओलांडून होण्याआधीच ती ओळ पिवळी झाली.

"जेवण नको," अक्कांचा आवाज म्हणाला.

खोलीतल्या सगळ्या माना खाली झुकल्या, हात जोडले गेले. शर्वरी एकटी बघत राहिली. बाण थांबला नव्हता. वाक्य बोलून झालं की ‘मागे घ्या’ सोडून बाकीच्या ओळी थोडा वेळ मुक्या राहत; त्यांच्यावरून तो खाली खाली घसरत ‘मागे घ्या’वर गेला. पडद्यावरचं ‘जेवण नको’ हे वाक्य पुसलं गेलं. आवाज नाही, काही नाही. बोललेलं मागे घेतलं की यंत्रानं तसं बोलून सांगावं, हे तिला लिहिताना सुचलंच नव्हतं. पडदा कोरा झाला तेव्हा खोलीतला एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता.

मग बाण परत वर चढायला लागला. ‘जेवण’पर्यंत पोचायच्या आधीच अर्ध्या वाटेत तो गळाला.

शर्वरीला देवधरांचा त्रिकोण आठवला. मग आणखी एक गोष्ट आठवली. माणूस थकलं की बाण शब्दावर फार वेळ धरून ठेवणं जड जातं, म्हणून तिनंच एक सोय केली होती. थकवा वाढेल तशी थांबण्याची अट कमी होत जाई. म्हणजे अक्का जितक्या उपाशी, तितका बाण मंद, आणि जितका बाण मंद, तितकं ‘नको’ लवकर. दया म्हणून लिहिलेली ती ओळ होती.

तिनं कुबेरला परसात बोलावलं आणि जमेल तितक्या सरळ शब्दांत सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याचा चेहरा कठीण झाला.

"माझ्या आईच्या व्रताला तुम्ही बिघाड म्हणताय?"

"तुमच्या आईला नाही, माझ्या मेनूला म्हणतेय."

"आख्खं गाव पाया पडून गेलं, ताई. मी स्वतः डॉक्टरला परत पाठवलं. रोज बोळा लावत बसलो, आणि अन्न पुढं करत नव्हतो. आता तुम्ही म्हणताय ती मागत होती?"

"काय मागत होती ते मलाही माहीत नाही. ती तळाच्या ओळीकडे जात होती, एवढं दिसलं."

परसाच्या दारात आण्णा येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हातारा माणूस, पण रागावला नाही, बिचकलाही नाही.

"वाद कशाला घालताय?" ते म्हणाले. "पोरी, तुला दुरुस्त करता येतंय काय?"

"येतं."

"मग कर. परत विचारू. व्रत खरं असेल तर त्याला तपासणीची भीती कसली?"

राजमतीनं पाहुण्यांना ओसरीवर बसवलं. शर्वरी माजघरात पाटावर बसली, मांडीवर लॅपटॉप घेऊन. करायचं फारसं नव्हतं. तो जुना त्रिकोण आणायचा, थकव्याची सवलत काढून टाकायची, थांबण्याची अट पुरती लांबवायची, आणि मागे घेतलेलं वाक्य यंत्रानं मोठ्यानं मागे घ्यायचं. जे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं ते दुपार कलायच्या आत झालं. एवढंसं काम होतं, याचीच तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

मध्येच तिनं देवधरांना फोन केला. "सर, जिथं जिथं मेनू बसवलाय, तिथं आत्ताच्या आत्ता कळवा. कुणाच्याही ‘नको’वर विश्वास ठेवू नका म्हणून."

"यापुढच्या?" देवधरांनी विचारलं.

"मागच्याही."

"मागच्यांचं आता काय करायचं शर्वरी," ते म्हणाले, पण तो प्रश्न नव्हता. केंद्रांतून लोकांनी काय काय नाकारलं असेल, घरी परत जाणं, शस्त्रक्रिया, भेटायला आलेली मुलं, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं असणार. तिनं फोन ठेवला.

पलंगापाशी आता चौघंच होती. आण्णा वाकले. "अक्का, काय पाहिजे?"

या वेळी चौघंही पडद्याकडे बघत होती. बाण ‘जेवण’वर आला. रकाना उघडला. बाण तिरका निघाला, तसाच मंद, तसाच दमलेला. ‘नको’च्या ओळीवर चढला. राजमतीनं तोंडाला पदर लावला. बाण ‘नको’वरून सरकत राहिला, आणि ओळ पांढरीच राहिली. तो पलीकडे गेला, रकान्याच्या तळाशी उतरला आणि ‘कोणाच्या हातून’वर टेकला. नावं उघडली. आणखी थोडी वाट होती.

"जेवण," अक्कांचा आवाज म्हणाला. "कुबेरच्या हातून."

कुबेर मटकन खाली बसला. तो रडला नाही, त्यानं आईचा निर्जीव हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि तसाच बसून राहिला. गंमत म्हणून घातलेलं ते नाव होतं. अक्कांनी ते रोज मागितलं होतं, आणि रोज त्याच्याच कानांनी उलटं ऐकलं होतं.

आण्णांनी फोनवरून महाराजांना निरोप दिला. उत्तर लगेच आलं, आणि आण्णांनी ते ओसरीवर जाऊन सगळ्यांना ऐकवलं. जे मागितलंच नव्हतं ते व्रत नव्हे. त्या माउलीला जेवू घाला, आणि तिची क्षमा मागा. ओसरीवरचं स्तोत्र थांबलं. लोक चपला शोधायला लागले.

आता घाई होती ती सूर्याची. बिरनाळ्यांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी अन्नाला हात लावत नसे आणि अक्कांनी ते आयुष्यभर पाळलं होतं. राजमतीनं तांदळाची पातळ पेज केली, निवत ठेवली, डॉक्टरांना बोलावणं धाडलं. त्यांनी फोनवरच बजावलं, अगदी थेंबाथेंबानं द्या, इतक्या उपवासानंतर पोट एकदम घेत नाही, मी येतोच. कुबेरनं हात धुतले. त्याला चमचा नीट धरता येत नव्हता. आईला कसं भरवायचं हे त्यानं कधी केलंच नव्हतं, राजमतीनं त्याचं मनगट धरून दाखवलं.

अर्धा चमचा. अक्कांचा गळा हलला. पेज आत गेली.

पुन्हा अर्धा चमचा. तोही गेला. राजमती आता उघड रडत होती. कुबेरच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त दिसलं. सुटकेनं माणूस बोलायला लागतो तसा तो बोलायला लागला.

"बघ, जेवलीस की. आता चार दिवसांत ताकद येईल तुला. मग काळजी नाही. सोमवारपासून मी पण कामाला लागतो बघ. फवारण्या सगळ्या खोळंबल्यात, लोक शिव्या घालायला लागलेत. राजमती आहे, मीनाबाई आहेत, भरवतील तुला. मी येऊन-जाऊन असेनच."

त्यानं तिसरा चमचा भरला. तो ओठांपाशी नेला तेव्हा शर्वरीला पडद्यावर हालचाल दिसली. बाण ‘जेवण’वर आला. रकाना उघडला. या वेळी बाण उजवीकडे वळला नाही. तो तिथूनच सरळ खाली उतरला, एका ओळीनं, आणि ‘नको’वर थांबला. शर्वरीनं लांबवलेली अट पुरी होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

"जेवण नको."

चौघांचीही नजर ‘मागे घ्या’वर गेली. सगळे वाट बघत राहिले. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर चढलं. बाण ‘नको’वरच होता.

कुबेरनं चमचा हळूच वाटीत ठेवला. "ताई," तो म्हणाला, "हे आईचं, की यंत्राचं?"

"यंत्र आता बरोबर आहे," शर्वरी म्हणाली.

"म्हणजे आईचंच."

तिला हो म्हणता येईना. कुबेर जे बोलला होता ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नव्हतं, तिला ऐकू आलं होतं. अक्कांनी मुलाच्या हातचा घास मागितला तेव्हा मिळाला नाही. चुकीचं एक ‘नको’ यंत्रानं उच्चारलं आणि मुलगा काम टाकून उशाशी येऊन बसला, हटला नाही. आता दोन चमचे पोटात गेले, तर तो सोमवारी जायला निघाला. अक्कांना काय शिकायला मिळालं होतं? की हे सगळं शर्वरीच्याच डोक्यातलं, आणि आत खरोखर एक थकलेलं शरीर शांतपणे पुरे म्हणत होतं? कुबेरला सांगावं, तर तोही तिचा अंदाजच. अक्कांच्या वतीनं चुकीचं बोलून तिचं एकदा झालं होतं.

तिनं पडद्यावरची उतरंड वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. ‘माणसं’ या शब्दाखाली कुबेरला बोलवा, राजमतीला बोलवा, डॉक्टरांना बोलवा, असे पर्याय होते. माणसं बोलवायची सगळी सोय तिनं केली होती. आलेल्याला थांबवायची नव्हती. अक्षरं जुळवून नवा शब्द करायचा तक्ता होता, पण तो तीन रकाने आत, आणि अक्कांचा बाण एवढा प्रवास आता कधीच करू शकणार नव्हता.

शर्वरीनं लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला. ‘माणसं’च्या रकान्यात, सगळ्यात वर, तिनं एक ओळ लिहिली. ती अक्कांच्या पडद्यावर पाठवायला एक कळ दाबायची होती. बोट कळीवर ठेवून ती थांबली.

"आण्णा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी एक शब्द वाढवला तर?"

"कुठला?"

"थांब."

आण्णांनी कुबेरकडे पाहिलं. तो वाटी हातात घेऊन बसला होता, उठायचं की बसायचं हे न कळून. मग त्यांनी अक्कांकडे पाहिलं. उन्हाची शेवटची पट्टी भिंतीवरून छताला टेकायला आली होती.

"तो तिचा शब्द असेल पोरी," ते म्हणाले, "की तू तिच्या तोंडात घातलेला?"

"आणि नाही घातला," शर्वरीनं विचारलं, "तर तिच्या तोंडून काढून घेतलेला नाही का होणार?"